कॅसेटची गाडी पेनड्राइव्हवर आणताना

गाडीत नवी सिस्टीम बसवायला गेले की दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, "किती वॅटची हवी?" हा प्रश्न चुकीच्या टोकापासून सुरू होतो. आवाज कशात साठवलेला आहे, तो यंत्रापर्यंत कसा पोहोचतो, यंत्राला वीज कुठून मिळते आणि शेवटी तो कोणाच्या कानात जातो, या साखळीत वॅटचा क्रमांक बराच खाली लागतो. ही साखळी आपल्या नववी ते बारावीच्या भौतिकशास्त्रात जवळजवळ पूर्ण येते. म्हणून मागच्या उन्हाळी सुट्टीत हाताने केलेल्या एका कामाच्या आधारे ती येथे मांडतो.

काम होते तामिळनाडूत, कुंभकोणमजवळच्या तिरुभुवनम् गावी. कुंभकोणमहून मयिलाडुतुरैकडे जाणाऱ्या रस्त्यावर आठेक किलोमीटरवर हे गाव आहे. तिसऱ्या कुलोत्तुंग चोळ राजाने बांधलेले कंपहरेश्वराचे मंदिर आणि रेशमी साड्यांचे माग ही त्याची ओळख. येथल्या रेशमी साड्यांना २०१९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. माझ्या सिग्नल रेजिमेंटमधले एक सुभेदार साहेब निवृत्तीनंतर तेथे राहतात. ते तंजावरी मराठी. व्यंकोजीराजांच्या काळापासून १८५५ पर्यंत तंजावरला भोसल्यांचे राज्य होते आणि त्या काळी तिकडे गेलेल्या घराण्यांचे वंशज अजूनही घरात आपली वेगळ्या वळणाची मराठी बोलतात. तामिळ हरिकथेत साकी, दिंडी, ओवी आणि अभंग हे प्रकार आले ते मराठी कीर्तनकारांमुळेच. तिरुभुवनमच्या पुढे गोविंदपुरमला विठ्ठल-रखुमाईचे मोठे मंदिर आहे आणि तेथल्या भजनात मराठी अभंग ऐकताना आपण पंढरपूरपासून किती लांब आहोत याचा विसर पडतो.

सुभेदार साहेबांकडे २००१ सालची मारुती ८०० आहे आणि तिच्यात कॅसेटचा डेक होता. त्यांच्या वडिलांनी घरी आणि मठात केलेल्या कीर्तनांच्या अठरा कॅसेट त्यांच्यापाशी आहेत. वडील आता नाहीत. घरातला टेपरेकॉर्डर केव्हाच भंगारात गेला, त्यामुळे ही कीर्तने वाजायची जागा म्हणजे ही गाडीच. एक दिवस डेकने एक कॅसेट गिळली आणि फीत सुरकुतली. तेव्हा त्यांचा मला फोन आला : "गाडीला नवी सिस्टीम लावायची. पण आधी कॅसेटचे काय करायचे ते सांगा." क्रम त्यांनीच बरोबर लावला होता.

पहिले काम म्हणून कॅसेट गाडीतून काढल्या. प्रत्येक कॅसेटच्या वरच्या कडेला प्लॅस्टिकचे दोन छोटे चौकोन असतात. ते मोडले की त्यावर चुकूनही पुन्हा रेकॉर्डिंग होत नाही. अठरांपैकी अकरांचे चौकोन शाबूत होते, म्हणजे एक चुकीचे बटण दाबले जाऊन कीर्तन पुसले जाण्याची सोय इतकी वर्षे उघडी होती. ते आधी मोडले. कावेरीच्या खोऱ्यातल्या दमट हवेत फितीवर पांढरी बुरशी धरते आणि एकावर एक आलेले वेटोळे चिकटतात. म्हणून प्रत्येक कॅसेट एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवली आणि मगच वाजवली. कुंभकोणममधल्या एका परिचितांकडून चांगला घरगुती डेक मिळवला. त्याचे हेड आणि रबरी चाक आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले. गाडीतला डेक या कामाला वापरू नये, कारण खड्ड्यांच्या धक्क्यांनी त्याच्या हेडचा कोन सरकलेला असतो.

हा कोन महत्त्वाचा आहे. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर सरकते. १०,००० हर्ट्झचा सूर त्या फितीवर नोंदवला तर एका लाटेची लांबी ४.७६ भागिले १०,०००, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्याही शंभराव्या भागाहून कमी भरते. हेडची फट फितीला काटकोनात नसेल तर या बारीक लाटा एकमेकींत मिसळतात आणि झांजांचा आवाज गोणपाटाआडून आल्यासारखा येतो. हेडच्या बाजूला एक छोटा स्क्रू असतो. तो केसभर फिरवत, झांज सर्वांत स्वच्छ ऐकू येईल तेथे थांबायचे. प्रत्येक रेकॉर्डरचा कोन थोडा वेगळा असल्यामुळे दर कॅसेटला हे नव्याने करावे लागले. एका कॅसेटमध्ये तर दुसरी बाजू लागताच पुन्हा करावे लागले, बहुधा ती दुसऱ्या यंत्रावर भरलेली असावी.

डेकचा लाइन-आउट एका छोट्या यूएसबी साउंडकार्डातून लॅपटॉपला जोडला आणि ऑडॅसिटी या मोफत प्रोग्रॅममध्ये नोंद घेतली. लॅपटॉपचे माइकचे भोक यासाठी वापरू नये, कारण ते माइकच्या क्षीण संकेतासाठी बनवलेले असते आणि डेकचा जोरकस संकेत त्यात फाटतो. नोंदीची सर्वांत उंच लाट कमाल पातळीच्या सुमारे ६ डेसिबल खाली राहील असे पाहिले. फितीवर पातळी थोडी ओलांडली तर आवाज जरा जाडसर होतो, पण डिजिटलमध्ये ओलांडली तर लाटेचा माथाच कापला जातो आणि तो परत मिळत नाही.

आता आकडे पाहू. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीसाठी जे माप ठरले तेच येथे घेतले : सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटचा, दोन वाहिन्या. गुणाकार करा : सेकंदाला १४,११,२०० बिट. तासाला सुमारे ६३५ मेगाबाइट. अठरा तासांच्या अठरा कॅसेट म्हणजे साडेअकरा गिगाबाइटच्या आत. नमुन्यांचा दर ४४,१०० का, तर जितके नमुने त्याच्या निम्म्या वारंवारतेपर्यंतचा सूर पकडता येतो आणि माणसाचा कान फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. १६ बिट का, तर दर बिटमागे सुमारे ६ डेसिबल, म्हणजे एकूण ९६ डेसिबलचा पल्ला मिळतो. साध्या कॅसेटचा पल्ला पन्नासच्या आसपास असतो. म्हणून "हाय रेझोल्यूशन"चा शिक्का असलेल्या महागड्या प्लेअरवर या कीर्तनांत एक अक्षरही जास्त ऐकू येणार नाही. तांब्याभर पाणी हंड्यात ओतले म्हणून ते हंडाभर होत नाही.

जपायची प्रत फ्लॅक स्वरूपात ठेवली. त्यात फाइल लहान होते, पण मूळ आकड्यांतला एकही जात नाही. दोन वेगवेगळ्या हार्डडिस्कवर दोन प्रती केल्या, त्यातली एक पुण्याला त्यांच्या मुलीकडे राहील. गाडीसाठी मात्र एमपी३. त्यात कानाला सहसा न जाणवणारा भाग टाकून दिलेला असतो, म्हणून एमपी३ वरून पुन्हा मूळ प्रत बनवता येत नाही. बरेच जण फक्त एमपी३ ठेवतात आणि कॅसेट फेकून देतात, हे मला पटत नाही. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. तो वाचायला आजही फक्त डोळे लागतात. आपल्या फायलींना मात्र दर दहा-पंधरा वर्षांनी नवे घर शोधून द्यावे लागणार.

गाडीत डिजिटल आवाज आणण्याचे चार मार्ग आहेत. जुन्या डेकमध्ये घालायची वायरवाली नकली कॅसेट हा सर्वांत स्वस्त, पण डेकच खराब असेल तर निरुपयोगी. सिगारेट लायटरच्या खोबणीतला एफएम ट्रान्समीटर सोपा खरा, परंतु शहरात एखादे खरे केंद्र त्याच जागी येऊन बसते आणि आवाज खरखरतो. ब्लूटूथ सोयीचे, पण फोन आला की कीर्तन थांबते आणि चालकाचे लक्ष फोनकडे जाते. चौथा मार्ग म्हणजे डेक काढून यूएसबीचा नवा हेड युनिट बसवणे. मारुतीच्या डॅशबोर्डमधली जागा एक-डिन मापाची, साधारण १८० बाय ५० मिलिमीटर. त्यात मेकॅनिझम नसलेले साधे युनिट सहज बसते. आम्ही रेडिओ असलेलेच घेतले, कारण १९३९ पासून चालू असलेले तिरुचिरापल्ली आकाशवाणी केंद्र सुभेदार साहेबांना पहाटे लागतेच. पेनड्राइव्ह फॅट३२ स्वरूपात करून घ्यावा, कारण स्वस्त युनिट दुसरे स्वरूप बहुधा वाचत नाहीत. फाइलचे नाव देवनागरीत दिले तर पडद्यावर चौकोन दिसतात, म्हणून नावाऐवजी ०१, ०२ असे क्रमांक दिले. अर्थात हे आकडे इंग्रजी अंकांत. क्रमांकांची यादी कागदावर लिहून सन-व्हायझरमागे लावली.

युनिटच्या खोक्यावर ठळक अक्षरांत लिहिले होते : ५० वॅट गुणिले ४. कॅडेट मित्रांनो, येथे वही काढा. इंजिन चालू असताना गाडीचा दाब सुमारे १४.४ व्होल्ट असतो आणि स्पीकरचा रोध ४ ओहम. दाबाचा वर्ग भागिले रोध : १४.४ चा वर्ग २०७.३६, भागिले ४, बरोबर ५१.८. म्हणजे खोक्यावरचे "५० वॅट" येथून येतात. पण हे तेव्हाच खरे, जेव्हा दाब सारा वेळ कमाल पातळीवर असेल, म्हणजे लाट चौकोनी असेल, म्हणजेच आवाज पूर्ण फाटलेला असेल. गाण्याची लाट चौकोनी नसते. शुद्ध साइन लाटेसाठी कमाल दाबाला १.४१४ ने भागावे लागते : १०.१८ व्होल्ट, त्यावरून सुमारे २६ वॅट, आणि ट्रान्झिस्टरमधला व्यय धरला तर वीसच्या आसपास.

पटत नसेल तर युनिटच्या मागचा फ्यूज पाहा. आमच्यात १० ॲम्पिअरचा होता. १० गुणिले १४.४, म्हणजे एकूण १४४ वॅट आत जाऊ शकतात. १४४ आत घेऊन २०० बाहेर देणारे यंत्र अजून कोणी बनवलेले नाही. सुभेदार साहेबांचा भाचा तेथेच उभा होता. "मामा, मग दुकानदार खोटं बोलला का?" दुकानदाराने खोक्यावरचे वाचले, एवढेच. खोक्यावरचा आकडाही खोटा नाही, फक्त तो ज्या स्थितीत खरा आहे त्या स्थितीत कोणी ऐकणार नाही. विकत घेताना "आरएमएस" किती ते विचारावे.

वीस वॅट पुरतात का? आवाजाच्या बाबतीत वॅट दुप्पट केले की फक्त ३ डेसिबलची भर पडते, आणि आवाज दुप्पट मोठा वाटायला वॅट दहापट लागतात. उलट, एका वॅटला ८७ डेसिबल देणारा स्पीकर काढून ९० चा लावला तर ॲम्प्लिफायर दुप्पट केल्याइतकाच फायदा होतो आणि बॅटरीवर भार शून्य. आम्ही पैसे स्पीकरवर घातले. भाच्याला डिकीत वूफर हवा होता. कीर्तनाच्या आवाजाला आणि मृदंगाला त्याची गरज नव्हती आणि तीस ॲम्पिअरचा भार त्या छोट्या अल्टरनेटरवर टाकण्यात शहाणपण नव्हते.

स्पीकर जोडताना एक प्रयोग शाळेतही करता येईल. दीड व्होल्टचा सेल स्पीकरच्या दोन टोकांना क्षणभर टेकवा. पडदा पुढे सरकला तर सेलचे धन टोक जेथे आहे तो स्पीकरचा धन. सर्व स्पीकर एकाच दिशेने जोडलेले हवेत. एक जरी उलटा असला तर एक पडदा हवा ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो आणि खर्जाचा आवाज हवेतच संपतो. लोक मग वूफर विकत आणतात!

आता ज्या भागासाठी मुख्यतः हा लेख लिहिला तो भाग. जुना डेक बाहेर काढल्यावर मागे जे दिसले ते पाहून आम्ही दोघेही काही वेळ बोललो नाही. वर्षांपूर्वी कोणीतरी डेकची पिवळी तार, म्हणजे बॅटरीचा कायमचा पुरवठा, दिव्याच्या अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या तारेला पिळून जोडली होती, वर चिकटपट्टी गुंडाळली होती, आणि वाटेत फ्यूज नव्हता. चिकटपट्टीचा डिंक वितळून खाली गळला होता. उघडे तांबे आणि डॅशबोर्डचा पत्रा यांच्यात बोटभरही अंतर नव्हते.

तांब्याची एक मीटर लांब, एक चौरस मिलिमीटर तार घेतली तर तिचा रोध ०.०१७२ ओहम. अर्ध्या मिलिमीटरची तीन मीटर तार म्हणजे ०.१०३ ओहम. १० ॲम्पिअर वाहिले तर एक व्होल्ट वाटेतच जातो आणि तारेत १० वॅट उष्णता निर्माण होते. मोठा ॲम्प्लिफायर असता तर? दीड मिलिमीटरची चार मीटर तार, ३० ॲम्पिअर : प्रवाहाचा वर्ग ९००, गुणिले ०.०४५९, म्हणजे ४१ वॅट. आपल्या प्रयोगशाळेतली सोल्डरिंगची इस्त्री २५ किंवा ३५ वॅटची असते. ती चालू करून गाडीच्या गालिच्याखाली ठेवायला कोणी तयार होईल का? हाच भार १० चौरस मिलिमीटरच्या तारेतून नेला तर उष्णता ६ वॅटवर येते. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार तांब्याची म्हणून मिळते. तिचा रोध दीडपटीहून जास्त असतो. टोक चाकूने खरवडून पाहिले की आत चंदेरी रंग दिसतो.

आणि फ्यूज. अनेकांना वाटते की तो युनिट वाचवायला असतो. युनिटचा फ्यूज युनिटच्या मागे असतो, ते ठीक. पण बॅटरीपासून तेथवर येणारी तार कुठे पत्र्याला घासून उघडी पडली तर त्या फ्यूजला काही कळतच नाही आणि बॅटरी शेकडो ॲम्पिअर त्या तारेत ओतते. म्हणून तारेचा स्वतःचा फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून फूटभर, फार तर दीड फुटाच्या आत हवा. त्याचे माप तारेच्या क्षमतेवरून ठरते. आम्ही अडीच चौरस मिलिमीटरची नवी तार बॅटरीपासून थेट आणली, सुरुवातीलाच १५ ॲम्पिअरचा फ्यूज दिला, पत्र्यातून जाते तेथे रबरी ग्रोमेट बसवले, जोड सोल्डर करून त्यावर हीट-श्रिंक नळी चढवली. काम सुरू करण्याआधी बॅटरीचे ऋण टोक काढून ठेवले होते, हे वेगळे सांगायला नको. तरी पालकांसाठी सांगतो.

सगळे जोडल्यावर इंजिन चालू केले आणि कीर्तनामागे एक बारीक शिट्टी ऐकू आली. ॲक्सिलरेटर दाबला की शिट्टी वर चढे. हा अल्टरनेटरचा आवाज. बहुतेक अल्टरनेटर एका फेऱ्यात ३६ स्पंद देतात. इंजिन मिनिटाला ८०० फेरे आणि पुली अडीचपट धरली तर सेकंदाला ३३ फेरे, म्हणजे सुमारे १२०० हर्ट्झ, नेमका कानाला टोचणारा सूर. कारण शोधायला मल्टिमीटर घेतला : युनिटची बॉडी आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यात ०.४ व्होल्ट. तेथे ०.१ च्या आत हवेत. अर्थचा स्क्रू रंगावरच आवळलेला होता. सुभेदार साहेब हसले. लाइन टाकताना अर्थ पिन ठोकून तिच्याभोवती पाणी ओतायला त्यांनीच आम्हा रिक्रुटांना शिकवले होते. रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून स्क्रू पुन्हा आवळला. शिट्टी गेली. अशा वेळी दुकानात "नॉइज फिल्टर" विकतात. तो लावण्याआधी अर्थ तपासावा.

शेवटची कडी कान. ८५ डेसिबलला आठ तास ही सर्वसाधारण मर्यादा धरतात आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी : ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, १०० ला पंधरा मिनिटे. बंद काचांच्या छोट्या गाडीत वीस वॅटवरही १०० गाठता येतात. गेलेली श्रवणशक्ती औषधाने परत येत नाही. एनडीएच्या वैद्यकीय तपासणीत परीक्षकाकडे पाठ करून, ६१० सेंटीमीटरवरून केलेली कुजबुज प्रत्येक कानाने स्वतंत्रपणे ऐकू यावी लागते. दहावी-अकरावीच्या मुलांना ही ओळ मी मोजपट्टीने वर्गात अंतर आखून दाखवतो. वेगात असलेल्या मारुतीत टायर-इंजिनचाच आवाज ७० च्या आसपास असतो, म्हणून आवाज वाढवण्याआधी काचा आणि दारांची रबरे पाहिली. मागच्या दाराचे रबर सुटले होते, ते बदलले. मग ३५ पर्यंत जाणाऱ्या व्हॉल्यूमपैकी १४ वर कीर्तन स्वच्छ ऐकू येऊ लागले आणि मागून येणाऱ्या बसचा हॉर्नही.

अठरांपैकी बारा कॅसेट त्या आठवड्यात झाल्या. सुरकुतलेली कॅसेट उघडून फीत नव्या कवचात घातली. त्यात साधारण चार सेकंदांचा भाग गेला आहे, साकीच्या मधोमध. उरलेल्या सहा सुभेदार साहेब स्वतः करत आहेत आणि हेडचा स्क्रू आता माझ्यापेक्षा बरा फिरवतात.